केसपेपर कोरा, आणि दोष कायद्याला

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे, शिरढोण मागे टाकलं की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. खिंड ओलांडली की तारा, आपटा आणि आजूबाजूच्या ठाकर-कातकरी वाड्या. या पट्ट्यातल्या माणसाची दाढ ठणकली तर तो पनवेल गाठतो. तिथला उपचार बिघडला आणि दाद मागायची वेळ आली, तर त्याच रस्त्याने उलट दिशेला, पेण-वडखळमार्गे अलिबागला जातो, कारण रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग तिथे आहे. पनवेलच्या बाजूला दंतवैद्यांची वाण नाही. कामोठ्यात एमजीएमचं आणि खारघरला वायएमटीचं दंत महाविद्यालय आहे, पुढे बेलापूर-नेरुळलाही महाविद्यालयं आहेत, आणि वसाहतींतल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत दाताचं चित्र काढलेली पाटी दिसते. या पाट्यांमागे बसलेल्या मंडळींत एक युक्तिवाद गेली काही वर्षं पक्का रुजला आहे. तो असा: ग्राहक कायद्याने डॉक्टरला दुकानदार करून टाकलं आहे, कोणीही उठतो आणि नोटीस पाठवतो, त्यामुळे प्रामाणिक दंतवैद्यसुद्धा भीतीच्या छायेत काम करतो, यावर इलाज म्हणजे वैद्यकीय सेवा या कायद्यातून वगळणं, आणि ते होईपर्यंत सगळ्या कागदांवर सह्या घ्या, विमा उतरवा, रुग्णाशी मोजकं बोला. या युक्तिवादातली भीती खरी आहे. तिचं कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं, आणि कारण चुकलं म्हणून इलाजही चुकतो. दंतवैद्याला अडचणीत आणतो तो बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा कोरा केसपेपर.

आधी इतिहासाचं बघू, कारण ‘हे सगळं ग्राहक कायद्याने आणलेलं खूळ आहे’ हे वाक्य फार सहज उच्चारलं जातं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६चा. वैद्यकीय हलगर्जीपणावरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकाल २ मे १९६८चा आहे, आणि तो अस्सल मराठी मुलखातला आहे: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड ओढून बसवण्यात आलं आणि त्याच दिवशी तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी साध्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकला. भरपाई होती ३,००० रुपये. त्या निकालाने डॉक्टरची कर्तव्यं तीन टप्प्यांत मांडली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. त्याच वेळी न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की डॉक्टरकडून अपेक्षा वाजवी कौशल्याची आहे, सर्वोच्च कौशल्याची नाही. आज दंतवैद्याला ज्या निकषावर तोललं जातं तो हाच आहे. म्हणजे जबाबदारी जुनीच आहे. ग्राहक कायद्याने एवढंच केलं, की जी वाट चालायला गोडबोले पितापुत्रांच्या प्रकरणात पंधरा वर्षं लागली, ती थोडी जवळ आणली आणि स्वस्त केली. उपचारासाठी मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर आज तक्रारीला शुल्क नाही. रूट कॅनालचा कोणताही वाद या मर्यादेत सहज बसतो. वाट स्वस्त झाली याचा राग येणं समजू शकतं. पण डॉक्टरला तोलण्याचा तराजू बदललेला नाही.

तो तराजू कोणाच्या बाजूला झुकतो? १९९५च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण पूर्णपणे मोफत सेवा बाहेर ठेवली, आणि हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार रुग्णावरच राहू दिला. इंग्लंडमधल्या १९५७च्या बोलम खटल्याचा निकष आपल्याकडे आजही चालतो: त्या विषयातल्या जाणकारांच्या एका जबाबदार गटाला जी पद्धत मान्य आहे तिने काम केलं असेल, तर दुसऱ्या गटाला ती पसंत नाही एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. ५ ऑगस्ट २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, उघड हलगर्जीपणा लागेल असं सांगितलं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका असं पोलिसांना बजावलं आणि सरसकट अटकेला चाप लावला. उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही, हे न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगतात. सावधपणे काम करणाऱ्या माणसाला एवढं अभय देणारा कायदा इतर किती व्यवसायांना मिळाला आहे? वैद्यकीय सेवा कायद्यातून वगळण्याचे प्रयत्नही झाले. २०१९च्या नव्या कायद्याच्या मसुद्यातून आरोग्यसेवेचा उल्लेख काढला गेला, त्यावरून डॉक्टर आता बाहेर पडले असा दावा करणारी याचिका मेडिकोज लीगल ॲक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात केली. ऑक्टोबर २०२१मध्ये ती ५०,००० रुपयांच्या खर्चासह फेटाळली गेली आणि एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मे २०२४मध्ये वकिलांना या कायद्यातून बाहेर काढताना सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने शांता निकालाचा फेरविचार व्हावा असं सुचवलं तेव्हा डॉक्टरांच्या आशा पुन्हा पालवल्या. नोव्हेंबर २०२४मध्ये मोठ्या पीठाने त्यात पडायला नकार दिला. संघटनेची ताकद या दारावर धडका मारण्यात किती काळ घालवायची, हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

दावे उभे राहतात आणि हरले जातात ते कुठे? एक नेहमीचं उदाहरण घ्या. खालच्या पहिल्या दाढेचा रूट कॅनाल चालू आहे, मुळाची नळी वाकडी आहे आणि ती साफ करताना फाईल, म्हणजे नळी घासण्याचं सुईसारखं बारीक हत्यार, आत मोडते. दंतवैद्यकात हे घडतं, चांगल्या हातांकडूनही घडतं. नुसतं फाईल मोडणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हे कोणीही तज्ज्ञ शपथेवर सांगेल. आता दोन केसपेपर समोर ठेवा. एकावर तारीख, दाढेचा क्रमांक, सुरुवातीचा एक्स-रे, नळी वाकडी असल्याची नोंद, फाईल कोणत्या लांबीवर मोडली, लगेच काढलेला दुसरा एक्स-रे, रुग्णाला काय सांगितलं, एंडोडाँटिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, पाठवल्याची चिठ्ठी. दुसऱ्यावर फक्त ‘आरसीटी, दुसरी सिटिंग’ आणि मिळालेली रक्कम. हाताचं कौशल्य दोघांचं सारखंच असेल. पण आठ महिन्यांनी गाल सुजून रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि तिथला एक्स-रे मोडलेला तुकडा दाखवतो, तेव्हा पहिल्या दंतवैद्याकडे उत्तर असतं आणि दुसऱ्याकडे नसतं. रुग्णाला राग येतो तो तुकड्यापेक्षा आपल्यापासून तो लपवल्याचा. अक्कलदाढ काढल्यावर ओठ बधिर राहणं हेही तसंच. नस दाढेच्या मुळाला खेटून जाते हे ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, दिसत होतं का, ते आधी सांगितलं होतं का, एवढ्यावर निकाल फिरतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६च्या रघुनाथ रहेजा प्रकरणात केसपेपरची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे असं सांगून ठेवलं आहे. म्हणजे कागद आज ना उद्या बाहेर येणार. तो कोरा निघाला तर न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने काय वाचायचं?

नोंद म्हणजे केवळ कोर्टासाठीचा पुरावा असं मानणं ही या सगळ्यातली मूळ गफलत आहे. नोंद हा उपचाराचाच भाग आहे, कारण बऱ्याच चुका ती नसल्यामुळेच होतात. दातांच्या क्रमांकांचंच बघा. आपल्याकडे शिकवली जाते ती एफडीआय या दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेची दोन अंकी पद्धत. तिच्यात १६ म्हणजे वरची उजवीकडची पहिली दाढ. अमेरिकेत चालणाऱ्या पद्धतीत १६ म्हणजे वरची डावीकडची अक्कलदाढ. तार लावण्यापूर्वी ‘१६ काढा’ असं कोणी फोनवर सांगितलं आणि समोरच्याच्या संगणकात परदेशी बनावटीचं सॉफ्टवेअर असलं, तर चांगली दाढ हातात येण्याचा धोका आपण स्वतः निर्माण करतो. चिठ्ठीवर क्रमांकाबरोबर ‘वरची, उजवी, पहिली दाढ’ असं अक्षरी लिहिलं की तो धोका संपतो. तेच मधुमेहाचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेल्या इंजेक्शनांचं: पहिल्या भेटीत विचारून लिहिलेले चार प्रश्न दाढ काढल्यानंतरचा न थांबणारा रक्तस्राव किंवा जबड्याचं न भरणारं हाड टाळू शकतात. मिश्री आणि गुटख्याची सवय असलेल्या माणसाच्या गालातला पांढरा चट्टा दात तपासताना दिसला आणि लिहिला गेला नाही, तर पुढच्या वेळी तो वाढला की नाही हे ताडायला काहीच उरत नाही. आणि चूक किती महाग पडू शकते याचं उदाहरण तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचं आहे. २०२३मध्ये तिथल्या एका दंत दवाखान्याशी जोडल्या गेलेल्या मेंदूच्या जंतुसंसर्गात आठ जण दगावले. तपासात आढळलं ते अगदी साधं होतं: सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडायची, बोळा लावून ठेवायची आणि तीच पुढच्या रुग्णाला वापरायची. कोणतंही संमतीपत्र किंवा विम्याची पॉलिसी ती बाटली निर्जंतुक करू शकली नसती.

‘सही घेतली की सुटलो’ या समजुतीचं तेच आहे. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संमती ज्या उपचाराची घेतली त्या उपचारापुरतीच असते. जीव वाचवण्यासाठी लगेच करावं लागलं नसेल तर एकाची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. दाढेत सिमेंट भरायला आलेल्या बाईचा रूट कॅनाल करून वर कॅपचं बिल लावणं या कसोटीत बसत नाही, मग फॉर्मवर अंगठा असो की सही. छापील इंग्रजी फॉर्मच्या तळाशी घाईत घेतलेली सही वाड्यांतून आलेल्या माणसाला काय समजलं याचा कसलाच पुरावा देत नाही. उलट समजावलंच नाही असा अर्थ त्यातून काढता येतो. त्यापेक्षा मराठीत लिहिलेली पाच-सहा ओळींची चिठ्ठी जास्त वजनदार ठरते: काय करणार, न केलं तर काय होईल, दुसरा पर्याय कोणता, नेहमीचे धोके कोणते, खर्च किती. ती वाचून दाखवली, शंका विचारायला वेळ दिला आणि तसं लिहिलं, म्हणजे संमती झाली. विम्याचंही तसंच आहे. व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसी आपल्याकडे बहुतेक ‘दावा दाखल होईल तेव्हा’ या तत्त्वावर असतात. मधे एक वर्ष नूतनीकरण चुकलं तर मागच्या कामाचं संरक्षण हातून जाऊ शकतं, हे अनेकांना दावा आल्यावर कळतं. पॉलिसी पैसे देते, बेपर्वाई धुऊन काढत नाही, आणि फौजदारी शिक्षा तर भोगतच नाही.

गप्प बसा हा सल्ला सगळ्यात घातक आहे. त्यामागचा तर्क असा, की बोललं की कबुली होते. पण घडलेली गोष्ट सांगणं आणि दोष मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फाईलचा तुकडा आत राहिला आहे, आता हे दोन मार्ग आहेत’ हे सांगण्यात कसलीच कबुली नाही. विमा कंपनीच्या अटी मोडतात त्या तिला न विचारता भरपाई कबूल केली तर. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१पासून चूक झाली तर रुग्णाला आपणहून सांगण्याचं आणि आपली चूक असेल तिथे भरपाई देण्याचं धोरण घेतलं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाव्यांची संख्या कमी झाल्याचं आणि ते लवकर मिटत असल्याचं दिसलं. तिथली न्यायव्यवस्था वेगळी आहे, हे खरं. पण माणसाचा स्वभाव कामोठ्यात आणि मिशिगनमध्ये फार वेगळा नसतो: फसवलं गेल्याची भावना माणसाला कोर्टात नेते.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप वेळेचा: एकट्याच्या दवाखान्यात एका असिस्टंटच्या जोरावर दिवसाला वीस रुग्ण पाहणाऱ्याने लिहीत कधी बसायचं? वेळ लागतो, हे मान्य. पण सुरुवातीचा इतिहास रुग्ण किंवा असिस्टंट भरू शकतो, ठरावीक उपचारांच्या नोंदी छापील चौकटीत येतात, आणि वीस रुग्ण नीट पाहणं जमत नसेल तर न्यायालयासमोरचा प्रश्न कायद्याचा नसून विसाव्या रुग्णाचा असतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कायद्याच्या भीतीने दंतवैद्य अवघड दाढ हातात घेणार नाहीत, सगळ्यांना मुंबईला पाठवतील, आणि त्यात कर्नाळ्याजवळच्या वाडीतला माणूस मरेल. भीतीपोटी पाठवणी होते, यात शंका नाही. पण कोणाला पाठवायचं आणि कोणाला ठेवून घ्यायचं हे ठरवणं हे १९६८च्या निकालातलं पहिलंच कर्तव्य आहे, आणि त्यात कारण लिहून केलेली पाठवणी भ्याडपणा ठरत नाही. शिवाय नियमांतून सूट मिळाली की उपचार स्वस्त होतात, या गृहीतकाला आधार नाही. चुकीच्या उपचाराचा खर्च मग कोण करतं? तोच वाडीतला माणूस, दुसऱ्या दवाखान्यात, पुन्हा पैसे मोजून. तिसरा आक्षेप खंडणीखोर तक्रारींचा आणि दवाखाना फोडणाऱ्या जमावाचा. हा त्रास खरा आहे. जमावासाठी महाराष्ट्राचा २०१०चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा आहे. त्यात हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तो नीट राबवला जात नाही ही तक्रार करावी, जोरात करावी. पण ग्राहक आयोगाचा रस्ता बंद केला तर चिडलेल्या माणसापुढे उरतो तो पोलीस ठाण्याचा रस्ता, नाहीतर दगडाचा. सभ्य वाद घालायची जागा बंद करून दवाखाने सुरक्षित होत नाहीत.

इथे दंतवैद्यांच्या बाजूने एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण त्यांच्यावर खरा अन्याय झाला आहे आणि तो ग्राहक कायद्याने केलेला नाही. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंडविधानात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षं होती, सगळ्यांनाच. नव्या कलम १०६(१)मध्ये ती पाच वर्षं झाली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी मात्र वैद्यकीय प्रक्रिया करताना ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली. सगळ्यांनी डॉक्टरांना सवलत मिळाल्याचं म्हटलं. पण त्या कलमाचं स्पष्टीकरण वाचा: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य असलेली पात्रता असणारा आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असणारा. दंतवैद्याची नोंद दंतवैद्यकाच्या स्वतंत्र कायद्याखालच्या वेगळ्या वहीत होते. शब्दशः अर्थ लावला तर भुलेचं इंजेक्शन देताना रुग्ण दगावला आणि हलगर्जीपणा सिद्ध झाला, तर एमबीबीएस डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि शेजारच्या दवाखान्यातल्या दंतवैद्याला कमाल पाच. न्यायालय उद्या उदार अर्थ लावेलही. तोवर टांगती तलवार आहे ती ही. हैदराबादेत फेब्रुवारी २०२४मध्ये लग्नाच्या तोंडावर हसू देखणं करण्याच्या दंतोपचारासाठी गेलेला २८ वर्षांचा तरुण दगावला, तेव्हा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. अशी घटना आज घडली तर कोणतं कलम, किती वर्षं, हा प्रश्न दंतवैद्यांच्या संघटनेने संसदेत नेण्याजोगा आहे. अलिबागच्या आयोगातल्या दाव्यात पैशांची भरपाई होते. या कलमात तुरुंग आहे. आणि ओरड मात्र पहिल्याविषयी होते.

त्यामुळे मागण्या बदला. पहिली मागणी: कलम १०६च्या स्पष्टीकरणात दंतवैद्यकाच्या कायद्याखालच्या नोंदीचा समावेश करा. दुसरी: ब्रिटनमध्ये दंतवैद्याला दायित्वाचं संरक्षण घेणं बंधनकारक आहे, तसं ते इथेही नोंदणीच्या नूतनीकरणाला जोडा, म्हणजे छोट्या दवाखान्याला एका दाव्याने बुडवलं असं होणार नाही आणि रुग्णालाही भरपाई हातात पडेल. तिसरी: ग्राहक कायद्याच्या मध्यस्थीच्या नियमांनी मृत्यू आणि गंभीर इजेची वैद्यकीय प्रकरणं बाहेर ठेवली आहेत; म्हणजे मोडलेली फाईल, सैल कॅप, न बसणारी कवळी हे सगळं मध्यस्थीत येऊ शकतं. पनवेल परिसरातल्या दंत महाविद्यालयांनी अशा प्रकरणांसाठी निःपक्षपाती तज्ज्ञांची यादी द्यावी, म्हणजे अलिबागच्या फेऱ्या वाचतील आणि बोलमचा निकष खऱ्या जाणकारांच्या मतावर लागू होईल. या तिन्ही मागण्या मान्य होण्यासारख्या आहेत. चौथी गोष्ट कोणाकडे मागायची गरजच नाही: उद्या सकाळी पहिला रुग्ण खुर्चीत बसेल तेव्हा त्याच्या केसपेपरवर विचारलेले प्रश्न, पाहिलेलं तोंड आणि सांगितलेले धोके मराठीत लिहायला घ्या. त्याला ना संसदेचा ठराव लागतो, ना उच्च न्यायालयाची याचिका. आणि ज्याने ते केलं नाही, त्याने कायद्याने आपल्याला दुकानदार केलं अशी तक्रार करू नये. दुकानदारसुद्धा निदान पावती फाडतो.